अंडं फुटण्याच्या दिवसांत या चुका टाळा

“अंगातली सूज कमी व्हावी म्हणून मी पाळीच्या मधल्या दिवसांतच गोळ्या सुरू केल्या, मॅडम.” मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायकांकडून हे वाक्य मी नको इतक्या वेळा ऐकलंय. राग त्यांचा येत नाही. सूज म्हणजे रोग, असं त्यांना सरसकट शिकवणाऱ्यांचा येतो.

ओव्ह्युलेशन, म्हणजे अंडं फुटणं, हीच मुळात एक सूज आहे. लॉरेन्स एस्पी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० साली हा विचार मांडला आणि पुढच्या संशोधनाने तो भक्कम होत गेला. अंडं सोडायचा हुकूम देणारं एलएच हे हार्मोन वाढलं की फॉलिकलच्या, म्हणजे अंडाशयात बीज ज्या पिशवीत वाढतं तिच्या, पेशी कॉक्स-२ नावाचं एन्झाइम बनवू लागतात, त्यातून प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणणारं रसायन तयार होतं. रक्तवाहिन्या पाझरतात, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी तिथे जमतात, भिंतीतलं कोलॅजन सैल करणारी एन्झाइम्स कामाला लागतात. एलएच वाढायला लागल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांत भिंत फाटते आणि स्त्रीबीज बाहेर येतं. मग याच पांढऱ्या पेशी त्या जागी नव्या रक्तवाहिन्या आणि कॉर्पस ल्युटियम, म्हणजे फुटलेल्या फॉलिकलपासून बनणारी हार्मोनची ग्रंथी, उभं करायला हातभार लावतात. म्हणजे ही ठरल्या वेळी होणारी आणि ठरल्या वेळी भरून येणारी जखम आहे.

आता डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या गोळ्या करतात काय? कॉक्स अडवतात. गुडघ्यातली सूज उतरते, पण नेमक्या त्या दिवसांत घेतल्या तर फॉलिकलची भिंतही फाटायची राहू शकते.

एक बाई मला विसरता येत नाही. पाळी नियमित, नळ्या मोकळ्या, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला. एलएच वाढल्याचं लघवीतून दाखवणारं किट दर महिन्याला पॉझिटिव्ह. अंडं फुटल्यानंतर वाढणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनही चांगलं, १२. तीन महिने आम्ही “अंडं फुटतंय, सगळं ठीक आहे” म्हणत राहिलो. चौथ्या महिन्यात मी स्वतः एक दिवसाआड सोनोग्राफी केली. चौदाव्या दिवशी फॉलिकल २१ मिमी. सोळाव्या दिवशी २६, तसंच गोल. अठराव्या दिवशी ३१ मिमी, कडा जाड झालेली, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आणि गर्भाशयामागे पाण्याचा थेंब नाही. अंडं फुटलंच नव्हतं.

औषधं विचारली तर म्हणाली, “काहीच घेत नाही.” मी पर्समधल्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर ठेवायला सांगितल्या. दहा गोळ्यांची डायक्लोफिनॅकची स्ट्रिप निघाली, त्यातल्या आठ संपलेल्या. कंबर दुखायची म्हणून रोज एक. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. कंबरेच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही मधल्या दिवसांत पॅरासिटामॉल आणि शेक यांवर भागवलं. पुढच्या महिन्यात सोळाव्या दिवशी फॉलिकल चपटं झालेलं आणि मागे पाणी दिसलं. त्यापुढच्या महिन्यातही तसंच. एका बाईवरून सिद्धांत मांडता येत नाही आणि गोळी न घेताही एखाद्या महिन्यात अंडं न फुटता राहतं, हे मला ठाऊक आहे. पण तिचे तीन महिने आम्ही विचारलं नाही म्हणून गेले. तेव्हापासून मी “औषध चालू आहे का” असं विचारतच नाही. “दुखण्याची गोळी शेवटची कधी घेतली” असं विचारते.

माझी सवय सांगते. फॉलिकल १४ मिमीच्या आसपास आलं की ते फुटल्याचं डोळ्यांनी दिसेपर्यंत या गटातली गोळी बंद. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पोटदुखीसाठी घेतलेल्या गोळीला माझी हरकत नसते. मधल्या दिवसांत ओटीपोटात एका बाजूला कळ येते, तिच्यासाठी मात्र अजिबात नको. पण संधिवातासारख्या आजारासाठी गोळ्या चालू असतील तर कुणीही आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. आधी दोन्ही डॉक्टरांचं बोलणं व्हायला हवं.

दुसरी चूक आम्हा डॉक्टर मंडळींची. प्रोजेस्टेरॉन वाढलं म्हणजे अंडं फुटलं, हे गृहीत धरणं. न फुटलेल्या फॉलिकलच्या पेशीही प्रोजेस्टेरॉन बनवतात. सकाळचं तापमानही वाढतं, पाळीही वेळेवर येते. किट सांगतं की हुकूम सुटला. तो पाळला गेला की नाही, हे किटला कळत नाही. तरीही १८ मिमी दिसलं की ट्रिगरचं, म्हणजे अंडं फुटावं म्हणून द्यायचं, इंजेक्शन देऊन फॉलिक्युलर स्टडी (फॉलिकलची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफी) बंद करणारे नवे डॉक्टर मी रोज पाहते. अरे, एक सोनोग्राफी आणखी करा! इंजेक्शननंतर दोन दिवसांनी पाच मिनिटं लागतात. ती वाचवायची आणि पेशंटचा अख्खा महिना घालवायचा, हा कुठला हिशोब?

प्रोजेस्टेरॉनसाठी एकविसाव्या दिवशीच रक्त तपासणं चूक, पाळी २८ दिवसांची नसेल तर. पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी तपासा.

उंदरांवरचे प्रयोग वाचून इम्युनिटीच्या गोळ्या घेऊ नका. कॉक्स-२ चं जनुक काढलेल्या उंदरिणींमध्ये बीजं अडकून राहतात, हे खरं आहे आणि मोलाचंही आहे. पण उंदरिणीचं बीज इंजेक्शननंतर बारा-चौदा तासांत सुटतं, बाईचं सुमारे छत्तीस तासांनी. तिथलं वेळापत्रक आणि डोस इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न फुटण्याचा विकार. त्यात अनेकींच्या शरीरात बारीक सूज कायम धुमसत असते, ती कमी करायलाच हवी. पण चुलीतला जाळ आणि घराला लागलेली आग या दोन्हींवर एकच बादली ओतायची नसते. ती कायमची सूज झोप, चालणं आणि वजन यांनी हळूहळू उतरते, त्याला महिने लागतात. “लवकर काहीतरी द्या” म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते, आणि पुढच्या भेटीला पर्समधल्या स्ट्रिप्स घेऊन यायला सांगते.