संभाजीनगरात मसाजचं काम सुरू करायचंय? आधी गिऱ्हाईक धरा, गाळा नंतर बघा

परभणी, बीड, हिंगोलीकडचे बरेच जण मसाजचा कोर्स झाला की संभाजीनगरला सेंटर टाकायचं म्हणायलेत. जरूर या, काम आहे इथं. पण आल्या आल्या गाळा बघत फिरू नका, मी सगळ्यांना हेच सांगायलो. इथं सलूनमधे मसाज आहे, पंचकर्मवाले आहेत, फिजिओ आहेत, शिवाय बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या मावशा आहेत, त्यांची घरं वर्षानुवर्षं ठरलेली. तुम्ही 'सर्व प्रकारचा मसाज' असा बोर्ड लावला की ह्या सगळ्यांशी एकदम भिडावं लागतं, आणि नव्या माणसाला ते झेपत नाही. एक दुखणं धरा अन् एक एरिया धरा.

म्हणजे कसं, वाळूजला कंपनीतली माणसं पाळीभर उभी राहतात, त्यांची कंबर आणि पोटऱ्या धरतात, तिथं काम करायचं तर तुमची वेळ त्यांच्या शिफ्टवर बसली पाहिजे, सकाळी दहाला दुकान उघडून उपयोग नाही. सिडको-हडकोत रिटायर्ड लोक, गुडघे-खांदे, त्यांना घरी येणारा माणूस पाहिजे. गारखेड्याच्या क्रीडा संकुलाकडं भरतीची तयारी करणारी पोरं, त्यांच्या नडग्या दुखतात. पैसा कमी देतील पण एकाचं बरं वाटलं की दहा जणांना सांगतात. (नडगीच्या हाडावर बोटाएवढ्या एकाच जागी दाबलं की कळ येत असेल तर हात लावू नका, हाडाला बारीक चीर असू शकते, डॉक्टरकडं पाठवा.)

सुरुवातीला बिऱ्हाड हलवूच नका. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर ही एकच रेल्वे लाईन आहे, शनिवार-रविवार या, नातेवाइकाकडं उतरा, फोल्डिंग टेबल घेऊन होम व्हिजिट करा. गावाकडची गिऱ्हाईकं तोपर्यंत सोडू नका, घरखर्च त्यांच्यावरच चालणार आहे. मग हिशोब मांडा. समजा गाळ्याचं भाडं, लाईट, धुलाई, तेल मिळून महिन्याला 18 हजार जातात आणि एका सेशनचे तुम्ही 600 घेता, तर पहिले 30 सेशन नुसते खर्चातच गेले, तुमची मजुरी त्याच्या पुढं. महिन्याला तेवढ्याहून जास्त सेशन होम व्हिजिटवर ठरलेले झाले की खुशाल गाळा घ्या.

कागदपत्रांचं लोक उगाच टेन्शन घेतात. हाताखाली थोडेच कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना द्यायची (म्हणजे धंदा सुरू केलाय हे सरकारला कळवायचं), उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते (कोणी पैसे मागितले तर देऊ नका), आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. भाडेकरार मात्र रजिस्टर करूनच घ्या आणि गाळा मसाजसाठी आहे हे मालकाला आधीच स्पष्ट सांगून करारात लिहून घ्या, नाहीतर शेजारी कुजबुजले की मालक खाली करा म्हणतो. नावापुढं डॉक्टर किंवा फिजिओ लावायचं नाही, ती डिग्री वेगळी.

आता टेबल. सरळ उभं राहा, हात खाली सोडा, मूठ वळा, टेबलाचा वरचा भाग मुठीला टेकला की उंची बरोबर. टेबल उंच असलं की सगळा जोर अंगठ्यावर येतो, आणि अंगठा गेला की धंदा गेला. वजन कमरेतून आणि पायातून टाकायचं, खोल दाबायला कोपराची बाजू वापरायची, दोन माणसांच्या मधे जरा वेळ ठेवायचा. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, आधी स्वतःच्या मनगटावर बघा. शुगरवाल्या माणसाच्या पायाला चटका कळत नाही, तिथं तर लैच जपून. करडईचं तेल आपल्याकडं मिळतं पण चादरीला चिकट बसतं आणि निघत नाही, तिळाचं बरं.

पहिल्यांदा आलेल्या माणसाला आधी विचारा, वहीत लिहा: ताप, ऑपरेशन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, बीपी, बाई असेल तर दिवस गेलेत का. एकाच पोटरीला सूज, गरम लागतीय, दुखतीय असं दिसलं तर चोळायचं नाही म्हणजे नाही. आत रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस जातो. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा, पैसे घेऊ नका.

आणि फोन. नंबर गेला की वाकडे प्रश्न विचारणारे येतातच, विशेषतः बाई थेरपिस्ट असेल तर. एका वाक्यात नाही म्हणा, ब्लॉक करा, समजावत बसू नका. बायकांनी अनोळखी घरी जाताना घरच्याला लोकेशन पाठवावं आणि पहिल्या खेपेला कोणीतरी सोबत न्यावं, त्यानं एक गिऱ्हाईक गेलं तरी जाऊ द्या.