गिटारच्या बॅटरीच्या खणातली खरखर

नवी बॅटरी घालूनही आवाज खरखरत असेल, तर प्रीअँपला (गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटला) दोष देण्याआधी बॅटरीचा खण तपासा. माझ्या गिटारमध्ये आत बॅटरीला टेकणाऱ्या धातूच्या पत्रीवर पांढरट-हिरवट थर साचला होता. अल्कलाइन बॅटरी गळली की असंच होतं. कापसाच्या काडीला व्हिनेगर जेमतेम लावून थर काढला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. थेंब लाकडात किंवा सर्किटमध्ये उतरता कामा नये. दबलेली पत्री चिमट्याने किंचित वर उचलली. जोर लावला तर ती मुळाशीच तुटते. ताजी ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर साधारण ९.५ दाखवते, ७.५ च्या आसपास आली की बदलाच. वाजवून झालं की केबल काढा. अशा बहुतेक गिटारांत जॅकमध्ये केबलची पिन असेपर्यंत प्रीअँप चालूच राहतो, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी.