उभ्या गाडीत चोराला काय दिसतं?

मी गाड्यांच्या काचा आणि लॉक बसवण्याचं काम करतो. फुटलेली काच बदलायला जो येतो, त्याला मी आधी विचारतो, "आत काय ठेवलं होतं?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: "अहो, काहीच नाही. रिकामी बॅग होती."

बॅग रिकामी आहे हे मालकाला ठाऊक, चोराला नाही. त्याला नुसती बॅग दिसते आणि काच फोडायला तेवढं पुरतं. म्हणून गाडी लॉक केल्यावर लगेच निघू नका. एकदा बाहेरून काचेला डोळे लावून आत बघा. जॅकेट, खोका, चष्म्याचं घर, लोंबणारी चार्जरची वायर, खणातली सुटी नाणी, जे दिसेल ते उचला. सीटवर टाकलेली चादर तर सगळ्यात वाईट, कारण तिच्याखाली काहीतरी दडवलंय हे लांबूनच कळतं. फोनचा होल्डर काढून ठेवला तरी काचेवर त्याच्या रबराचा गोल डाग राहतो. तो डाग बघून फोन किंवा नॅव्हिगेशनचं यंत्र खणात असणार, असा अंदाज बांधता येतो. ओल्या कापडाने तो पुसून टाकायला वेळ लागत नाही.

काचेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिच्यावर लोकांचा नको तेवढा भरवसा असतो. पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर धरून राहते. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. हाताच्या फटक्याला त्या दाद देत नाहीत, पण कठीण, टोकदार वस्तूचा नेमका टोला बसला की अख्खी काच क्षणात दाणे होऊन खाली येते. ते दाणे सीटच्या रुळांत, बेल्टच्या खाचेत, दाराच्या पोकळीत शिरतात. दाराचा आतला पत्रा उघडून व्हॅक्यूमने साफ केला नाही, तर पुढे कित्येक महिने दार लावताना आतून खळखळ ऐकू येते. तुमच्या गाडीत कुठली काच आहे ते तिच्या कोपऱ्यातल्या बारीक शिक्क्यावर बहुधा लिहिलेलं असतं. टफन्ड असेल तर आतून पारदर्शक सेफ्टी फिल्म लावून घ्या. काच फुटायची ती फुटेल, पण दाणे फिल्मला चिकटून राहतात आणि चोराला हात आत घालायला झगडावं लागतं. काळी फिल्म मात्र नियम बघितल्याशिवाय लावू नका.

सामान डिकीत टाकायचं असेल तर निघण्याआधी टाका, मुक्कामी पोचल्यावर नाही. पार्किंगमध्ये उतरून, डिकी उघडून, लॅपटॉप आत ठेवून तुम्ही निघून जाता, तेव्हा तो कुठे आहे हे बघणाऱ्याला तुम्हीच दाखवलेलं असतं. तशी वेळ आलीच, तर सामान डिकीत ठेवून गाडी दुसरीकडे नेऊन लावा.

जागा निवडताना उजेड बघाच, पण त्याहून महत्त्वाची माणसांची ये-जा. दिवा आहे आणि बघणारं कुणी नाही, तर त्या उजेडात चोराचंच काम सोपं होतं. उंच व्हॅन किंवा ट्रकच्या आडोशाला गाडी लावू नका. चाकं फुटपाथच्या दिशेने पूर्ण वळवून ठेवा, ओढून नेणं अवघड जातं. सायलेन्सरच्या पाइपमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम हे महागडे धातू असतात, म्हणून तो कापून नेतात. गाडी उंच असेल तर खाली शिरणं सोपं जातं. अशी गाडी भिंतीलगत लावा किंवा खालून लोखंडी संरक्षक पत्रा बसवून घ्या.

आता लॉक. रिमोट दाबून पाठ फिरवायची सवय मोडा. जवळ कुणी जॅमर चालवत असेल तर रिमोटचा सिग्नल गाडीपर्यंत पोचतच नाही आणि दार उघडं राहतं. हँडल ओढून बघा. आरसे आपोआप मिटत असतील तर ते मिटलेले बघा.

बटण न दाबता उघडणाऱ्या गाड्यांचा धोका वेगळा. अशा गाडीतून कमी फ्रिक्वेन्सीचा हलका सिग्नल निघतो आणि चावी जवळ आली की ती त्याला उत्तर देते. चोर जोडीने येतात. एक गाडीपाशी थांबतो, दुसरा घराच्या दारापाशी. दोघांच्या हातातली यंत्रं हा सिग्नल लांबवर नेतात, म्हणून घरात पडलेली चावी शेजारीच असल्याचा गाडीचा समज होतो. दार उघडतं, इंजिनही सुरू होतं. उपाय सोपा आहे. चाव्या दारालगतच्या खुंटीवर टांगू नका, सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. जास्तीची चावीसुद्धा. पाऊच घेतल्यावर चावी आत टाकून गाडीपाशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर ते पाऊच निरुपयोगी आहे. बऱ्याच गाड्यांत बटण न दाबता उघडण्याची ही सोय सेटिंगमधून बंद करता येते. मला विचाराल तर मी बंद करा असंच सांगतो.

इमोबिलायझरने चोऱ्या कमी केल्या, यात शंका नाही. युरोपियन युनियनमध्ये नव्या मोटारींना तो १९९८ पासून सक्तीचा आहे. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. पण हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या आतल्या नेटवर्कमध्ये खोटे आदेश घुसवून गाडी पळवता येते, हे सुरक्षा संशोधकांनी २०२३ मध्ये सविस्तर मांडलं. म्हणून मी स्टिअरिंगवर लावायच्या जाड लोखंडी लॉकचा आग्रह धरतो. ते लॅपटॉपने उघडत नाही. कापावं लागतं, त्याला वेळ लागतो, आवाज होतो, आणि काचेतून ते आधीच दिसतं. भडक रंगाचं घ्या. शिवाय इंधनाच्या पंपाची वायर तोडणारा छुपा स्विच जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेता येतो. पण वॉरंटीचं आधी विचारा आणि स्विच कुठे आहे ते घराबाहेर बोलू नका.

दुचाकीचं तसं नाही. ती दोघं-तिघं उचलून टेम्पोत टाकतात, तेव्हा हँडल लॉक आणि डिस्क लॉक दोन्ही लागलेले असले तरी उपयोग होत नाही. ती कशाला तरी बांधा: जमिनीत पक्का रोवलेला खांब, भिंतीतली कडी. पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादाची जाड साखळी घ्या आणि ती चाकातून न नेता चेसिसमधून ओवा, कारण चाक काढता येतं. साखळी आणि कुलूप जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की हातोडा नीट बसतो आणि कटरच्या एका दांड्यावर अंगाचा भार टाकता येतो. अधांतरी साखळीवर तसा जोर लागत नाही. डिस्क लॉक लावलंत तर त्याची रंगीत आठवण-दोरी हँडलला अडकवा, नाहीतर तशीच गाडी सुरू करून पडाल.

ट्रॅकर दोन ठेवता आले तर उत्तम. एक बॅटरीला जोडलेला जीपीएस, तोही जाड पत्र्याखाली दाबलेला नको, त्याला आकाश मिळायला हवं. दुसरा वेगळ्या जागी लपवलेला, आसपासच्या फोनांच्या मदतीने ठिकाण कळवणारा एअरटॅगसारखा टॅग. अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवर येऊ शकते, म्हणून एकट्या टॅगवर विसंबू नका. ट्रॅकरवर गाडी दिसली तरी स्वतः तिथे जाऊ नका, ठिकाण पोलिसांना द्या. गाडीपेक्षा तुमचा जीव मोठा आहे.

घराची चावी आणि पत्ता असलेले कागद गाडीत एकत्र कधीही ठेवू नका. दोन्ही गेले तर काच नंतर बघू, आधी घराचं कुलूप बदला. गाडीचा चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्याचा, इंजिन नंबरचा आणि गाडीवरच्या ओळखीच्या ओरखड्यांचा फोटो आजच काढून फोनबाहेरही कुठेतरी ठेवा. चोरीचा दावा करताना विमा कंपन्या बहुधा दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा दुसरी कुठे आहे ते बघून ठेवा. आणि काच फुटलेली दिसली तर आत हात घालण्याआधी फोटो काढा, पोलिसांना कळवा, कार्डं बंद करा. दाणे झाडायचे ते त्यानंतर, हातमोजे घालून.