रोजचं इंग्रजी: 'मला'पासून सुरुवात करा

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्याआधीच्या पिढीने एबीसीडी गिरवली ती पाचवीत. दोन्ही पिढ्यांतली माणसं माझ्याकडे शिकायला येतात आणि एकच सांगतात: 'वाचलेलं थोडंफार कळतं, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही.' शब्द त्यांना येत असतात. मनातल्या मराठी वाक्यावर शब्दाला शब्द चिकटवायला गेलं की गाडी अडते.

आधी कान तयार करा. मुंबईच्या लोकलमध्ये 'पुढील स्टेशन दादर' पाठोपाठ तेच हिंदीत आणि मग 'नेक्स्ट स्टेशन, दादर' असं ऐकू येतं. अर्थ ठाऊक असतो, म्हणून लक्ष फक्त आवाजाकडे राहतं. घरी यासाठी बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' कार्यक्रम घ्या. त्याचा लेखी मजकूरही फुकट मिळतो. पहिल्यांदा नुसतं ऐका, मग मजकुरावर बोट ठेवून ऐका, मग दर वाक्याला थांबवून मोठ्याने म्हणा. एक भाग आठवडाभर पुरवा.

मग बोलणं. इथे मात्र घाई नको. मराठीत भूक, ताप, राग, उशीर, सगळं 'मला' लागतं, येतं, होतं. इंग्रजीत बहुतेक वेळा या 'मला'चा 'आय' होतो आणि तो वाक्याच्या तोंडाशी येतो. मला भूक लागली: आय ॲम हंग्री. मला ताप आहे: आय हॅव अ फीवर. मला पोहता येतं: आय कॅन स्विम. मला माहीत आहे: आय नो. या शेवटच्या वाक्यात 'आहे' दिसतं म्हणून 'आय ॲम नोइंग' म्हणू नका.

दिवसभरात तोंडून निघणारी 'मला'ची वाक्यं वहीत टिपून ठेवा. एका ताईंनी आठवड्यात दोन पानं भरून आणली. 'मला उशीर झाला' यापुढे त्यांनी खाडाखोड करत पाच-सहा शब्दांची ओळ लिहिली होती. मी खाली 'आय ॲम लेट' लिहिलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, 'एवढंच?' त्या दिवसापासून त्यांचं बोलणं सुरू झालं.

आणखी एक गोष्ट. 'पाणी द्या' यातला मान 'द्या'मध्येच असतो. इंग्रजी क्रियापदात तो बसत नाही, त्यामुळे 'गिव्ह मी वॉटर' हा हुकूम वाटतो. मान वेगळा घालावा लागतो: 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' हे वाक्य तसंच्या तसं पाठ करा.

उच्चारांत आपली लिपी मदतीला येते. आपण 'व्हॅन' आणि 'वॉटर' वेगळं लिहितो, तसंच म्हणायचं: 'व्ह'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, 'वॉ'ला ओठांचा चंबू करा.

वाचायला जाडं पुस्तक नको. खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घ्या. 'शेक वेल बिफोर यूज': वापरण्याआधी नीट हलवा. 'स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस': थंड, कोरड्या जागी ठेवा. सूचना म्हटली की क्रियापद पहिलं येतं, हे दोन-चार पाकिटं वाचलीत की डोळ्यांना दिसायला लागेल.

लिहिणं शेवटी. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवता येतो. रोज रात्री तिथे तीन वाक्यं लिहा, दिवसात खरंच घडलेली. मग तीच वाक्यं आवाजात रेकॉर्ड करून लगेच ऐका. महिनाभर काहीही पुसू नका. तिसाव्या दिवशी पहिल्या दिवसाचा आवाज लावा आणि तीच तीन वाक्यं पुन्हा म्हणून पाहा.