इटालियन शिकायची तर आधी पिशवी घेऊन बाजारात जा

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर इटलीतल्या तुरिनला आले. इथले लोक शहराला तोरीनो म्हणतात. आल्या आल्या क्रियापदांची रूपं पाठ केली, पण दुकानात तोंड उघडेना. भाषा खरी सुटली ती रोजच्या फेऱ्यांत. म्हणून नव्याने येणाऱ्या मराठी मुलींना मी एकच सांगते: एक आठवडा, एक जागा. तिथे जे चार शब्द कानावर पडतील तेवढेच वहीत लिहा, आणि देवनागरीत लिहा.

देवनागरीत का, तर इटालियन त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे असतात. इंग्रजी वळणाने ट-ड केलं की लगेच परकं वाटतं. जोडाक्षरही नीट थांबून म्हणा, ‘पत्ता’ म्हणताना थांबतो तसं. काप्पेल्लो म्हणजे टोपी आणि कापेल्लो म्हणजे केस, एवढा फरक पडतो.

पहिला आठवडा बारचा. बार म्हणजे इथे सकाळची कॉफी प्यायची जागा. आत शिरताना ‘बुओन्जोर्नो’ म्हणायचंच, न बोलता शिरणं उद्धटपणाचं दिसतं. ‘उन काफ्फे, पेर फावोरे’ म्हटलं की छोट्या कपात कडक एस्प्रेसो येते. ती काउंटरशी उभ्यानेच, दोन घोटांत संपवायची. नुसतं ‘लात्ते’ मागितलंत तर ग्लासभर दूध मिळेल, कारण लात्ते म्हणजे दूधच. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवावी लागते. त्या पावतीला स्कोन्त्रीनो म्हणतात. निघताना ‘बुओना जोर्नाता’.

बाजाराला मात्र एक आठवडा पुरत नाही. आमच्याकडे पोर्ता पालात्सोचा मोठा उघडा बाजार आहे, तिथे मी अजूनही शिकते. चीज आणि हॅमच्या दुकानात किलोचा हिशोब नसतो, एत्तोचा असतो. एक एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. रांग दिसत नसेल तर विचारा, ‘की ए लुल्तिमो?’, म्हणजे शेवटचं कोण? तुमचा नंबर आला की दुकानदार म्हणेल ‘मी दिका’, बोला. तुम्ही म्हणा ‘उन एत्तो’. तो कापून तराजूवर ठेवतो, काटा थोडा पुढे जातो, आणि तो तुमच्याकडे बघून विचारतो, ‘उन एत्तो ए वेन्ती, लाश्शो?’ 120 भरलंय, राहू दे? हा प्रश्न आपल्या मंडईतल्यासारखाच आहे. ‘सी, वा बेने’ म्हणा. आणखी काही नको असेल तर ‘बास्ता कोसी’. फळांना स्वतः हात लावू नका, बोट दाखवा.

शेजाऱ्यांकडे जाल तेव्हा दार उघडल्यावरही उंबऱ्याशी थांबून ‘पेरमेस्सो?’ विचारायचं, म्हणजे येऊ का? आतून ‘आवान्ती’ आलं की पाऊल टाकायचं. मी पहिल्या दिवाळीला बेसनाचे लाडू घेऊन वरच्या मजल्यावरच्या सिन्योराकडे गेले आणि सरळ आत शिरले. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी माझ्या दारात थांबून त्यांनी इतकं ठळक ‘पेरमेस्सो’ म्हटलं की मला कळलं. वडीलधाऱ्यांशी आणि अनोळखी माणसांशी ‘लेई’ने बोलायचं, आपल्या अहो-जाहोसारखं. ‘तू’वर आपणहून यायचं नाही. सात-आठ महिन्यांनी सिन्योराच म्हणाल्या, ‘द्यामोचि देल तू’, आता अहो-जाहो पुरे. त्या दिवशी मला घरचं माणूस मिळालं.

काही बोल मात्र प्रसंग आल्याशिवाय बसत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्सच्या लेखी परीक्षेच्या सकाळी बेकरीवाली ओरडली, ‘इन बोक्का आल लूपो!’ शब्दशः अर्थ ‘लांडग्याच्या तोंडात’, भाव मात्र शुभेच्छेचा. मी ‘ग्रात्सिए’ म्हणाले तर मागची अख्खी रांग एका सुरात ‘क्रेपी!’, मरो तो लांडगा. या शुभेच्छेवर आभार मानले तर अपशकुन समजतात. हल्ली काहीजण लांडग्याची बाजू घेऊन ‘वीवा इल लूपो’ म्हणतात, तेही चालतं.

माझा सर्वांत लाडका शब्द ‘मागारी’. त्याचा अर्थ कधी ‘कदाचित’, तर कधी ‘असं झालं तर काय हवं!’ कुठला ते आवाजावरून ओळखायचं. गेल्या वर्षी सिन्योराला म्हटलं, दिवाळीला चला माझ्याबरोबर साताऱ्याला. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, ‘मागाआरी’ असा लांबवून म्हटला, आणि लाडवाचा डबा स्वतःकडे ओढला.