पहिली बॉलरूम स्पर्धा: रूटीन भिंतीला बांधू नका

फॉर्म भरून झाला, फी गेली आणि आता तारीख जवळ येईल तसा पोटात गोळा येतोय, अशा सगळ्यांसाठी लिहितेय. वॉल्ट्झ म्हणजे काय, होल्ड कसा घ्यायचा, एवढं तुम्हाला येतंय असं धरून चालते. स्टँडर्ड गटाचे पाच नाच, लॅटिनचे पाच, आणि नवख्यांच्या गटात त्यातले मोजकेच करायचे, हेही एव्हाना कळलं असेलच. मी फॉलो करते, म्हणजे जोडीदार नेईल तशी जाते, त्यामुळे बरंचसं मला तिथून दिसलेलं आहे. पण लीड करणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक विसरू नका. तुमचं रूटीन सरावाच्या हॉलच्या भिंतींना बांधलेलं असेल, तर ते स्पर्धेत मोडणार.

मुंबईत आपण सराव करतो कुठे? दादर-माहीमकडच्या एखाद्या शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून. सोसायटीच्या हॉलमध्ये, तोही गणपतीच्या आणि लग्नांच्या दिवसांत मिळत नाही. नाहीतर गच्चीवर. अशा जागेत महिनोन्‌महिने एकच रूटीन घोटलं की खिडकीपाशी स्पिन टर्न, कपाटापाशी व्हिस्क, दारापाशी शॅसे, अशी एकेक फिगर, म्हणजे ठरलेल्या पावलांचा संच, जागेसकट अंगात बसून जाते. तुम्हाला वाटतं नाच पाठ झाला. खरं तर खोली पाठ झालेली असते. स्पर्धेच्या फ्लोअरवर ना खिडकी असते ना कपाट, लांबी दुप्पट असते आणि सोबत आठ-दहा जोड्या असतात.

आमच्या बाबतीत हेच झालं. नेहमीच्या कोपऱ्याकडे गेलो तर तिथे दोन जोड्या आधीच उभ्या. म्हणून समोरच्या बाजूने सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या बारपर्यंत (वॉल्ट्झचा एक बार म्हणजे तीन मात्रा) पाय बरोबर, ताल बरोबर, आणि एकदम पुढची जोडी आडवी आली. आम्ही थांबलो. थांबल्यावर पुन्हा कुठून उचलायचं, हे दोघांपैकी एकालाही सुचेना. गाणं चालू, लोक बाजूने निघून जातायत आणि आम्ही मधोमध होल्ड धरून उभे. त्या काही सेकंदांत तोंडाला जी कोरड पडते ती मला अजून आठवते.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. फक्त वेळेत सुरू करावा लागतो, म्हणून इतकं खोलात जाऊन सांगतेय.

फ्लोअरवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, हे माहीतच आहे. प्रत्येक फिगरला स्वतःची दिशा असते, आणि ती या फिरण्याच्या रेषेवरून मोजायची, खिडकीवरून नाही. वॉल्ट्झचा नॅचरल टर्न, म्हणजे उजवीकडचं वळण, लीड करणारा भिंतीकडे तिरपं तोंड करून सुरू करतो, रिव्हर्स टर्न, म्हणजे डावीकडचं वळण, मध्याकडे तिरपं तोंड करून. हे एकदा डोक्यात बसलं की रूटीनचे तुकडे करा. एकेका तुकड्यात दोन-तीन फिगर, आणि तो कुठे तोंड करून सुरू होतो, कुठे तोंड करून संपतो, हे दोघांनाही झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. मग मधेच अडलात तर रूटीनच्या पहिल्या पावलापर्यंत मागे जायला नको. जिकडे तोंड आहे तिथून सुरू होणारा तुकडा घ्यायचा आणि निघायचं.

दुसरं म्हणजे अडल्यावर करायच्या फिगर वेगळ्या काढून ठेवा. वॉल्ट्झमध्ये दोन पुरतात. नॅचरल टर्नच्या पहिल्या तीन पावलांनंतर पुढे जागा नाही असं दिसलं, तर हेजिटेशन चेंज. त्यात एक बार जवळजवळ जागच्या जागी जातो, ताल सुटत नाही, आणि संपताना तोंड मध्याकडे तिरपं झालेलं असतं, म्हणजे रिव्हर्स टर्नला रस्ता मोकळा. आणि पुढे पाऊलभरच जागा असेल तर व्हिस्क. तीन मात्रा निघतात, प्रोमनाडमध्ये येता, म्हणजे दोघंही एकाच बाजूला उघडता, आणि समोरची जोडी सरकली की शॅसे घेऊन बाहेर. दोन्ही ब्राँझच्या, म्हणजे सुरुवातीच्या पातळीच्या फिगर आहेत. बघणाऱ्याला तुम्ही अडलात हे कळतसुद्धा नाही.

याचा सराव आम्ही खुर्च्यांवर केला. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या पाच-सहा खुर्च्या मांडायच्या आणि तिसऱ्या कुणालातरी, आमच्याकडे माझी धाकटी बहीण, गाणं चालू असताना त्या सरकवायला सांगायचं. ती मुद्दाम आमच्या वाटेत खुर्ची ढकलायची. सुरुवातीला धडका बसल्या, माझ्या नडगीवर निळे डाग होते. काही दिवसांनी जोडीदाराची नजर आपोआप दोन फिगर पुढे जायला लागली. संध्याकाळी दादरच्या पुलावर माणूस कुणाला धक्का न लावता चालतो ना, तसं. तिथे कुणी पावलं मोजत नाही, फट बघतो.

फॉलो करणाऱ्यांनो, हे लीड करणाऱ्याचं काम आहे म्हणून सोडू नका. नॅचरल टर्नच्या दुसऱ्या अर्ध्यात तो पाठमोरा जातो. त्याच्या मागे कोण आहे ते त्याला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. आम्हाला शिकवणाऱ्या मिस वसईच्या आहेत. एकदा आम्ही खुर्चीला धडकल्यावर त्या मलाच ओरडल्या, “अगं, त्याच्या पाठीला डोळे आहेत का? तू सांगायचं ना!” सांगायचं म्हणजे बोलायचं नाही. त्याच्या दंडावर ठेवलेल्या डाव्या हाताची बोटं किंचित दाबायची. एवढा इशारा ठरवून ठेवा आणि सरावात वापरा, आयत्या वेळी नको.

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या स्पर्धेचे व्हिडिओ सगळेच बघतात. १९२० पासून चालत आलेली स्पर्धा आहे, बघायलाच हवी. पण पावलं उचलण्यासाठी बघू नका. एका फेरीत फ्लोअर भरलेला असतो तेव्हा कसलेले नाचणारे ठरलेली फिगर सोडून कसे वळतात, अर्धं पाऊल कसं गिळतात, तेवढंच बघा. व्हिडिओवरून फिगर शिकण्याच्या मी ठाम विरोधात आहे. आरशातल्यासारखं उलटं शिकलं जातं आणि वजन कुठल्या पायावर आहे ते पडद्यावर दिसत नाही.

संगीताचंही तसंच. एकाच गाण्यावर घोटू नका. तिथे कुठलं गाणं लागेल ते आधी कुणी सांगत नाही. वेग मात्र ठरलेला असतो. वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार, क्विकस्टेप ५० ते ५२, रुंबा २५ ते २७. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून तुमच्या सरावाच्या गाण्याचे बार मोजा. कित्येक गाणी फार संथ निघतात, आणि त्यांवर तयार झालेली जोडी खऱ्या क्विकस्टेपला धापा टाकते. एक नाच साधारण दीड ते दोन मिनिटं चालतो. म्हणून सगळे नाच पाठोपाठ, मधे जेमतेम घाम पुसण्याइतकी उसंत घेऊन, पूर्ण दोन-दोन मिनिटं करायची सवय ठेवा. मुंबईच्या दमटपणात हे सोपं नाही. पण जमतं, अगदी चाळिशीतल्या माणसांना जमताना मी बघितलंय.

रुंबा करणार असाल तर आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. लेझीम, ढोल, भजनाचा ठेका यांत वाढलेलं अंग पहिल्या मात्रेवर पाय आपटायला धावतं. रुंबात पहिल्या मात्रेवर नवं पाऊल नाही. पावलं दोन, तीन, चार वर. चौथ्यावर टाकलेलं पाऊल पुढच्या एकपर्यंत पुरवायचं, आणि त्या एकवर कंबर बसते. स्वयंपाकघरात ओट्यापाशी जाता-येता “दोन, तीन, चार-एक” म्हणत चाला. घरचे हसतील, हसू द्या. हे चुकलं तर बाकीचं कितीही देखणं असो, परीक्षकांची पहिली नजर तालावर जाते.

परीक्षकांना घाबरू नका, पण ते काय करतात ते समजून घ्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत गुण नसतात. पुढे पाठवायच्या जोड्यांच्या नंबरावर प्रत्येक परीक्षक खूण करतो, ज्यांना जास्त खुणा ते पुढे. बारा जोड्या आणि दीड मिनिट, म्हणजे एका जोडीच्या वाट्याला सात-साडेसात सेकंद. तेवढ्यात तुमची अवघड फिगर त्याच्या नजरेला पडेलच असं नाही. मान, खांदे, होल्ड आणि ताल मात्र कधीही बघितलं तरी दिसतं. अंतिम फेरीत प्रत्येक परीक्षक क्रमांक देतो आणि बहुमताने जागा ठरते. पाच परीक्षक असतील आणि तिघांनी पहिलं ठेवलं, तर उरलेल्या दोघांनी शेवटचं ठेवलं तरी पहिला क्रमांक तुमचाच. तेव्हा एखाद्या परीक्षकाने कपाळाला आठी घातली म्हणून खचू नका.

आता शिक्षकांबद्दल, आणि हे माझं मत आहे. “महिन्याभरात स्पर्धेला उभं करतो” म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. लग्नातल्या ‘संगीत’चे नाच बसवणारे उत्तम असतात, पण ते प्रेक्षकांकडे तोंड करून नाच बसवतात. इथे प्रेक्षक चारही बाजूंना आणि वाटेत माणसं. नवख्याला चकचकीत फिगर देणाऱ्यापेक्षा नॅचरल टर्न दहादा करायला लावणारा परवडला. स्पर्धा सिलॅबसची, म्हणजे ठरलेल्या यादीतल्याच फिगरांची असेल, तर बाहेरची फिगर नाचल्यावर आक्षेप येऊ शकतो, म्हणून नियमांचा कागद आयोजकांकडून मागूनच घ्या आणि शिक्षकांना दाखवा. पहिलीच स्पर्धा शिक्षकांबरोबर नाचण्याचाही मोह असतो. सोपं वाटतं, कारण तुमचं चुकलेलं ते सावरून घेतात. मला ते पटत नाही. आपल्याच पातळीच्या जोडीदाराबरोबर दोघांनी मिळून अडखळावं, त्यात जास्त शिकणं आहे.

जोडीदाराशी भांडणं होतील. सगळ्यांची होतात. आम्ही एकच नियम केला आणि तो टिकला: सरावात बोलायचं ते स्वतःच्या पायांबद्दल. “तू उशीर केलास” नाही, “मला तिथे वजन घ्यायला वेळ लागतोय” असं.

कपड्यांवर जास्त लिहीत नाही. टेलरला मात्र बजावून सांगा, माप होल्डमध्ये हात वर धरून घ्यायचं. नेहमीसारखं हात खाली सोडून माप घेतलं तर होल्ड घेताच जॅकेटचे खांदे कानापाशी येतात आणि सगळी फ्रेम, म्हणजे हात-खांद्यांची चौकट, आखडलेली दिसते. ड्रेसला भुलेश्वरला लेस, खडे मिळतात, पण नवख्यांच्या गटात सजावटीवर मर्यादा असू शकते, आधी विचारा. नवा ड्रेस घालून एक अख्खा सराव करा. घेर टाचेत अडकतो की नाही ते तेव्हाच कळतं.

नाचाच्या बुटांचा तळ स्यूडचा, म्हणजे खरखरीत चामड्याचा असतो, ते घालून रस्त्यावर एक पाऊलही नको. पावसाळ्यात तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या, ओलं स्यूड चिकटतं आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो. तारेचा ब्रश सोबत ठेवा. गुळगुळीत झालेलं स्यूड त्याने घासून खरखरीत करता येतं. आपण लादीवर सराव करतो, स्पर्धेला लाकडी फ्लोअर असेल तर पकड वेगळी लागते. त्यासाठी सकाळी लवकर पोचा आणि फ्लोअर मोकळा असताना चारही कोपऱ्यांतून एकेकदा सुरुवात करून बघा. स्पर्धा बहुधा रविवारी असते, लोकलचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या रात्री बघून ठेवा. पाठीवरच्या नंबरासाठी सेफ्टी पिना घरून न्या, चार कोपऱ्यांना चार, आणि दोन जास्तीच्या.

पहिल्याच फेरीत बाहेर पडलात तर लगेच घरी जाऊ नका. पुढच्या फेऱ्या बाजूला उभं राहून बघा, विशेषतः कोपऱ्यांत काय होतं ते. निकालानंतर परीक्षकांच्या खुणांचा तक्ता लावला असेल तर त्याचा फोटो काढा. कुठल्या नाचात किती खुणा मिळाल्या ते त्यात दिसतं. वॉल्ट्झला दोन आणि क्विकस्टेपला शून्य असेल, तर पुढच्या क्लासला काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक झालं.