दिवस भरत आल्यावर वाढलेले बीपी : माहेरी आलेल्या लेकीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी

इंदूरच्या मराठी घरांत पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि बहुतेक वेळा ती डोहाळजेवण उरकून पुण्याहून किंवा मुंबईहून येते. गरोदरपणातला उच्च रक्तदाब नेमका याच काळात डोके वर काढतो. तिकडच्या डॉक्टरांकडची तपासणी संपलेली असते, इथल्या डॉक्टरांकडे अजून नाव घातलेले नसते, आणि मधल्या तीन-चार आठवड्यांत बीपी कोणीच मोजत नाही. प्रसूती विभागात सिस्टर म्हणून काम करताना रामबागेपासून सुदामानगरपर्यंतच्या कितीतरी घरांतल्या लेकी मी या खिंडीत सापडलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून पहिली विनंती अशी की, निघण्यापूर्वी तिकडून पूर्ण फाइल मागून घ्यावी. त्यात सुरुवातीच्या महिन्यांतले बीपीचे आकडे, लघवीचे व रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी आणि चालू गोळ्यांची नावे असावीत. इथे पोचल्यावर आठवड्याच्या आत ती फाइल घेऊन डॉक्टरांना भेटावे. सुरुवातीचे आकडे हाती असले, तरच बीपी पूर्वीपासून होते की आता वाढले, हे ठरवता येते.

वीस आठवड्यांनंतर किमान चार तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्यांत वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक आला, तर तो उच्च रक्तदाब समजला जातो. दोहोंपैकी एक आकडा वाढला तरी पुरे. त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंडे, प्लेटलेट यांच्या तपासण्या बिघडल्या, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. १६०/११० ही मात्र वाट पाहण्याची रेषा नव्हे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजूनही आकडा तेवढाच किंवा अधिक आला, तर मुलीला काहीही त्रास होत नसला तरी त्याच तासात रुग्णालय गाठावे. मला सर्वांत जास्त हेच सांगायचे आहे : हे बीपी दुखत नाही. आकडा वाढलेला असताना मुलगी हसत पोहे खात बसलेली असते आणि घरचे म्हणतात, "हिला तर काहीच त्रास नाही."

"फार विचार करते, म्हणून बीपी वाढले," हे वाक्यही कृपा करून तिला ऐकवू नये. वारेला (प्लासेंटाला) रक्त पोचवणाऱ्या रक्तवाहिन्या गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात जितक्या रुंदावायला हव्यात तितक्या काहींच्या बाबतीत रुंदावत नाहीत. वारेला रक्त कमी पडते, तिथून आईच्या रक्तात मिसळणारे घटक तिच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात आणि मग मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळीकडे परिणाम दिसू लागतो. यात तिचा दोष काडीचाही नाही.

घरी बीपी मोजताना

माझी भाची आठव्या महिन्यात आली, तेव्हा तिच्या आईने पहिल्याच दिवशी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवून यंत्र लावले. ती नुकतीच जिना चढून आली होती, पट्टा गाऊनच्या बाहीवरून बांधला होता आणि दुसऱ्या हातात फोन धरून जावईबापूंशी बोलणे चालू होते. आकडा आला १५२/९६. मी तिला लघवीला जाऊन यायला सांगितले, पाठ टेकवून आणि पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसवले, बाही वर सारून उघड्या दंडाला पट्टा बांधला आणि हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवला. आता १३८/८८ आले. आईने सुटकेचा श्वास टाकला, पण मी वही काढायला लावली. त्या संध्याकाळी १४४/९२ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १४६/९४ अशी नोंद झाली, त्याच सकाळी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले आणि लघवीच्या तपासणीत प्रथिने निघाली. नीट मोजण्याचा हेतू आकडा लहान दिसावा हा नसतो, तर जो येईल त्यावर विश्वास ठेवता यावा हा असतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहावेत. दंड जाड असेल तर मोठा पट्टा आणावा, कारण लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. काही स्वयंचलित यंत्रे या आजारात आकडा कमीही दाखवतात, त्यामुळे घरचे यंत्र एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मोजणीशी ताडून पाहावे.

गोळ्या, मीठ आणि विश्रांती

लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथिलडोपा ही गरोदरपणात नेहमी दिली जाणारी औषधे आहेत. त्यांची मात्रा डॉक्टरच ठरवतील, आणि आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. घरात बाबांची बीपीची गोळी असतेच, पण ती देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा : टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अंग दुखले म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही देऊ नये.

अळणी जेवणाने हा आजार थांबत नाही. पोह्यांवर मूठभर सेव, शिवाय लोणचे आणि पापड ही आपली इंदुरी सवय आवरती घ्यावी, ते चांगलेच. पण आमटीतले नेहमीचे मीठ काढून मुलीची जेवणावरची वासना घालवू नये. कॅल्शियमच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे चालू ठेवाव्यात. निर्जळी उपवास, मग ती हरतालिका असो, या वर्षी नको. दिवसभर अंथरुणाला खिळवून ठेवल्यानेही बीपी बरे होत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. घरात हलके चालणे-फिरणे ठेवावे आणि झोपताना डाव्या कुशीवर झोपावे.

कधी निघायचे

पॅरासिटामॉलनेही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा धूसर दिसणे, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खालच्या खळग्यात दुखणे, धाप लागणे, चेहरा व हात एकाएकी सुजणे, लघवी कमी होणे, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावणे, यांपैकी एकही गोष्ट झाली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. बरगडीखालचे दुखणे अॅसिडिटी समजून ओवा-सोडा देण्यात रात्र गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि ती विसरता येत नाहीत.

कुठे जायचे हे आठव्या महिन्यातच ठरवावे. खासगी नर्सिंग होम निवडले असेल, तर तिथे रात्री भूलतज्ज्ञ येतात का, रक्त कुठून मिळते आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आहे का, हे स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच करू नये. इंदूरच्या सरकारी सोयींमध्ये एम.वाय. (महाराजा यशवंतराव) आणि एमटीएच (महाराजा तुकोजीराव होळकर) ही रुग्णालये आहेत, रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते.

या आजारात घरीच आकडी (झटके) आली तर मुलीला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा-चप्पल हुंगवत बसू नये, आणि लगेच १०८ ला फोन करावा. रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते. झटके थांबवण्यासाठी आणि टाळण्यासाठी तेच खरे औषध आहे.

गोळ्या वेळ मिळवून देतात, पण आजार मुळापासून उतरतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावरच. म्हणून प्रीएक्लॅम्प्सिया असेल तर ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणून प्रसूती करण्याचा सल्ला दिला जातो, आणि प्रकार तीव्र असेल तर त्याआधीही. "अजून दिवस भरले नाहीत" म्हणून त्या वेळी अडून बसू नये.

सव्वा महिन्यातला धोका

बाळ झाले, पेढे वाटले, की वही कपाटात जाते, आणि खरी चूक इथेच होते. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास बीपी पुन्हा वर जाते, म्हणजे मुलगी घरी आल्यावर. आकडीसुद्धा बाळंतपणानंतर येऊ शकते. माझ्या भाचीचे पाचव्या दिवशी १५८/१०४ आले, तेव्हा आजी म्हणाल्या, "बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही, वारा लागेल." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कानाला रुमाल बांधला, बाळाला दुपट्यात गुंडाळून आजींच्याच मांडीवर दिले आणि त्यांनाही गाडीत बसवून घेऊन गेले. गोळीची मात्रा वाढवून मिळाली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही डिंकाच्या लाडवांपाशी परत आलो.

पहिला आठवडा रोज दोनदा मोजावे आणि दहा दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. बाळंतिणीची डोकेदुखी जागरणाने झाली असे गृहीत धरण्याआधी यंत्र लावावे. लॅबेटालॉल, निफेडिपिन घेताना अंगावर पाजता येते. तीन महिन्यांनंतरही आकडा चढाच राहिला, तर फिजिशियनकडे जावे. फाइल आणि वही मात्र मुलीबरोबर सासरी पाठवावी, कारण पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती पाहूनच डॉक्टर अॅस्पिरिनची छोटी मात्रा सुरू करण्याचे ठरवतील.